जपानी मैदानावरील अमेरिकन ‘कांतोकु’

बेसबॉल संघाच्या व्यवस्थापकाचे काम कचेरीत नव्हे, तर मैदानावर चालते. कोणाला खेळवावे, पिचर केव्हा बदलावा, सराव किती घ्यावा, हे तोच ठरवतो. जपानी भाषेत त्याला ‘कांतोकु’ म्हणतात. तेथे त्याचे स्थान एखाद्या कडक गुरूसारखे मानले जाई. साहजिकच त्या जागी परकीय माणूस रुजणे कठीण होते. १९७५ साली हिरोशिमा कार्प संघाने जो लुट्झ या अमेरिकन गृहस्थांची नेमणूक केली. त्यांनी खेळाडूंना लाल टोप्या दिल्या. परंतु पंचांशी झालेल्या वादात संघाच्या अधिकाऱ्याने हस्तक्षेप करताच त्यांनी पद सोडले. टोप्या मात्र लालच राहिल्या!

बॉबी व्हॅलेंटाइन यांची कारकीर्द अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेत टेक्सास रेंजर्सचे व्यवस्थापक राहिलेले व्हॅलेंटाइन १९९५ साली चिबा लोत्ते मरीन्सकडे आले. त्यांना आणणारे महाव्यवस्थापक तात्सुरो हिरोओका हे स्वतः नामांकित कांतोकु होते. १९८२ व १९८३ साली त्यांनी सेइबु लायन्सला अजिंक्यपद मिळवून दिले होते. खेळाडूंनी कोणता भात खावा, येथपर्यंत त्यांची शिस्त पोहोचत असे. कठोर सरावातूनच खेळाडू घडतो, अशी हिरोओकांची श्रद्धा. तर सरावाने थकलेला खेळाडू सामन्यात निरुपयोगी ठरतो, हे व्हॅलेंटाइन यांचे मत. त्या वर्षी संघ पॅसिफिक लीगमध्ये दुसरा आला. तथापि कराराची मुदत शिल्लक असतानाच व्हॅलेंटाइन यांना दूर करण्यात आले. वाद निकालाचा नव्हता. अंतिम शब्द कोणाचा, याचा होता.

मधल्या काळात त्यांनी न्यूयॉर्क मेट्स संघाला २००० सालच्या वर्ल्ड सीरिजपर्यंत नेले. २००४ साली लोत्तेने त्यांना पुन्हा बोलावले, आणि या वेळी मोकळीकही दिली. ते खेळाडूंचा क्रम वारंवार बदलत, प्रेक्षकांत मिसळत. २००५ साली लोत्तेने जपान सीरिजमध्ये हानशिन टायगर्सचा चारही सामन्यांत पराभव केला. पहिल्या तिन्ही सामन्यांत लोत्तेच्या धावा प्रत्येकी दहा होत्या. १९७४ नंतरचे हे संघाचे पहिलेच अजिंक्यपद. २६ हा क्रमांक कोणाही खेळाडूला न देता प्रेक्षकांसाठी राखून ठेवण्यात आला.

२००९ च्या हंगामानंतर करार वाढवायचा नाही, असे मालकांनी ठरवले. हजारो चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली. निर्णय बदलला नाही. त्यांचे सहायक नोरिफुमी निशिमुरा कांतोकु झाले आणि २०१० साली, लीगमध्ये तिसरा आलेला हाच संघ जपान सीरिज जिंकून गेला.