नऊशे डॉलरांचे भांडवल : विद्यापीठीय संशोधन, अर्थसाह्य आणि आपल्या रसशाळा

प्रस्तावना

हृद्रोगाचा रुग्ण चिकित्सेसाठी येतो तेव्हा त्याच्या चालू औषधांच्या यादीत ‘वॉरफॅरिन’ हे नाव पुष्कळदा आढळते. रक्त गोठण्याची क्रिया मंद करणारे हे औषध चालू असताना लशुनासारखी द्रव्ये औषधी मात्रेत योजताना वैद्याने सावध राहावे, हे आपण जाणतोच. मात्र या नावाची व्युत्पत्ती फारशी कोणास ठाऊक नसते. रोमन लिपीत लिहिल्यास त्याची पहिली चार अक्षरे ही ‘विस्कॉन्सिन अॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेच्या नावाची आद्याक्षरे आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या नऊ माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १०० डॉलर देऊन १९२५ साली ही संस्था उभी केली. विद्यापीठात लागलेला शोध बाजारापर्यंत नेणे आणि त्यातून आलेला पैसा पुन्हा विद्यापीठातील संशोधनास देणे, हे तिचे कार्य. महाविद्यालये व विद्यापीठे यांतील संशोधनाला भांडवल कोणी व कसे पुरवावे, या प्रश्नाचा विचार आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने करताना हे उदाहरण उपयोगी पडते. प्रस्तुत लेखात त्याचा अभ्यास करून आपल्यापुरता बोध काढण्याचा प्रयत्न केला आहे.

मधला टप्पा कोणाचा?

समजा, भैषज्यकल्पना विभागातील एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने नित्य वापरातील एखाद्या क्वाथाची घनवटी तयार केली. क्वाथ रोज ताजा करावा लागतो. नोकरी करणारा रुग्ण दोन दिवसांत कंटाळतो. घनवटी सोयीची ठरेल, ही कल्पना रास्त आहे. प्रबंध सादर होतो, पदवी मिळते आणि प्रबंधाची प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते. महाविद्यालयाच्या दृष्टीने काम पूर्ण झालेले असते. रसशाळेच्या दृष्टीने ते सुरूही झालेले नसते.

रसशाळेला हवे असते ते पुढचे काम. कच्च्या द्रव्यांचे प्रमाणीकरण, मोठ्या प्रमाणावर केलेल्या निरनिराळ्या बॅच एकसारख्या उतरतात की नाही याची खात्री, जड धातू व सूक्ष्मजीव यांचे परीक्षण, सवीर्यता अवधीचा अभ्यास, आणि पेटंट व प्रोप्रायटरी वर्गात परवाना घ्यावयाचा असल्यास २०१० साली औषध नियमांत आलेल्या नियम १५८-ब नुसार लागणारा पुरावा, अशी ही यादी आहे. हे काम पदवीसाठी पुरेसे ‘नवे’ नसते, म्हणून विद्यापीठ त्यास पैसा देत नाही. विक्रीची खात्री नसते, म्हणून रसशाळा देत नाही. संशोधनाच्या दोन्ही टोकांना पैसा आहे. मधल्या टप्प्याला वाली नाही. आपल्या कपाटांतील अनेक प्रबंध या एकाच कारणाने रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत.

विस्कॉन्सिनचा धडा

हीच अडचण शंभर वर्षांपूर्वी प्राध्यापक हॅरी स्टीनबॉक यांच्यापुढे होती. थंड प्रदेशांतील मुलांत त्या काळी मुडदूस हा विकार फार होता. काही अन्नपदार्थांवर अतिनील किरण टाकले असता त्यांत मुडदूस रोखण्याची शक्ती येते, म्हणजे त्यांतील ड जीवनसत्त्व वाढते, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. शोध निकृष्ट उत्पादकांच्या हाती पडू नये म्हणून १९२४ साली त्यांनी पदरचे सुमारे ३०० डॉलर खर्चून पेटंटसाठी अर्ज केला. खासगी उद्योगाकडून मोठी रक्कम देऊ करण्यात आली, तरी ती त्यांनी घेतली नाही. विद्यापीठाला हक्क देऊ केले, तेव्हा विद्यापीठाने तो व्याप अंगावर घेण्यास उत्साह दाखविला नाही. त्यातून माजी विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र संस्थेची कल्पना पुढे आली. भांडवल एकूण ९०० डॉलर.

या संस्थेने घातलेली घडी लक्षात घेण्यासारखी आहे. शोधकर्त्यास निव्वळ स्वामित्वशुल्काचा १५ टक्के भाग ठरविला गेला. उर्वरित पैसा संशोधनासाठी राखला गेला. १९२७ साली ओट्सचे पदार्थ करणाऱ्या क्वेकर कंपनीस परवाना मिळाला, पुढे औषध कंपन्यांनाही मिळाला. परवाना देऊन संस्था मोकळी झाली नाही. परवानाधारकांच्या मालात जीवनसत्त्वाचे प्रमाण सांगितल्याप्रमाणे आहे की नाही, हे तपासण्यासाठी तिने स्वतःची प्रयोगशाळा चालविली. गुणवत्तेची हमी हा त्या व्यवहाराचा गाभा होता.

या पैशाचा लाभ पुढील संशोधनास कसा झाला, ते वॉरफॅरिनच्या इतिहासात दिसते. १९३३ सालच्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणारे रक्त भरलेला दुधाचा कॅन घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात आला. कुजलेला ‘स्वीट क्लोव्हर’ जातीचा चारा खाऊन त्याची गुरे रक्तस्रावाने मरत होती. जीवरसायनतज्ज्ञ कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातील कारणीभूत द्रव्य शोधण्यासाठी सहा वर्षे घालविली. १९३९ साली ते शुद्ध स्वरूपात हाती आले. त्याच वर्गातील वॉरफॅरिन १९४८ साली उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून वापरात आले. सहा वर्षे निष्पन्न काय होणार हे माहीत नसताना चाललेल्या कामामागे या संस्थेचे साह्य होते. एका शोधाच्या उत्पन्नाने दुसरा शोध पोसला.

दुसरी बाजू

या उदाहरणाचे केवळ गुणगान करणे योग्य नव्हे. विस्कॉन्सिन हा दुग्धव्यवसायाचा प्रांत. लोण्याला स्वस्त पर्याय असलेल्या मार्गारिनच्या उत्पादकांना संस्थेने परवाना नाकारला. ज्या गरिबांच्या मुलांना मुडदुसाचा धोका अधिक, त्यांच्याच घरी मार्गारिन खाल्ले जात असे. पेटंटविषयीच्या खटल्यात अमेरिकन अपील न्यायालयाने या वर्तनावर टीका केली आणि पेटंट अवैध ठरविले. १९४६ पर्यंत संस्थेने हे हक्क सोडून दिले. ज्याचा पैसा वा प्रभाव, त्याचे हित संशोधनाच्या फळावर स्वार होऊ शकते, हा यातील इशारा आहे.

अमेरिकेत पुढे १९८० साली ‘बे-डोल’ कायदा झाला. तोपर्यंत सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांचे हक्क बहुधा सरकारकडे पडून राहत. या कायद्याने ते विद्यापीठांना ठेवता येऊ लागले व परवाने देण्याचा मार्ग खुला झाला. परंतु हक्क घेण्याच्या या उत्साहाची झळ आपणही सोसली आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास १९९५ साली हळदीच्या व्रणरोपक उपयोगावर मिळालेले पेटंट आपल्या सीएसआयआरने आव्हान देऊन १९९७ साली रद्द करविले, हे सर्वश्रुत आहे.

भारतीय उदाहरण : ‘जीवनी’

केरळातील पालोडे येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १९८७ साली अगस्त्य पर्वतराजीत फिरताना डॉ. पी. पुष्पांगदन यांच्या चमूस काणी जमातीच्या वाटाड्यांकडून थकवा घालविणाऱ्या ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीची माहिती मिळाली. अभ्यासाअंती तिच्यासह अश्वगंधा आदी द्रव्ये मिळून ‘जीवनी’ हा कल्प तयार झाला. १९९५ साली कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीस सात वर्षांसाठी परवाना देण्यात आला. परवाना शुल्क १० लाख रुपये व विक्रीवर २ टक्के स्वामित्वशुल्क ठरले. यातील निम्मा वाटा काणी समाजास देण्याचे संस्थेने ठरविले आणि त्यासाठी १९९७ साली विश्वस्त निधी स्थापन झाला.

उणीव राहिली ती कच्च्या द्रव्याच्या बाजूने. वनातून पाने गोळा करण्याविषयी वनखात्याने हरकत घेतली आणि पुरवठा अडखळला. शोध, परवाना, लाभवाटप हे सारे जुळूनही द्रव्य कोठून व कसे येणार याची तजवीज आधी झाली नाही, तर उत्पादन चालत नाही. रसशाळा चालविणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको.

आपल्या क्षेत्राची विशेष अडचण

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(प) नुसार पारंपरिक ज्ञानावर वा त्याच्या केवळ एकत्रीकरणावर पेटंट मिळत नाही. हे न्याय्यच आहे. ग्रंथोक्त योग ही सर्वांची ठेव आहे. परंतु त्याचा आर्थिक परिणाम समजून घ्यावा. एका रसशाळेने पदरचा पैसा घालून ग्रंथोक्त कल्पाचे प्रमाणीकरण केले, तर त्याचा लाभ शेजारची रसशाळाही घेते. मग पहिला पैसा कोणी घालावा? प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहतो आणि प्रबंध कपाटात राहतो.

प्रस्तुत लेखकाच्या मते यावर उपाय एकच संभवतो : जे ज्ञान सर्वांचे आहे, त्याचा खर्चही अनेकांनी मिळून करावा. विस्कॉन्सिनच्या नऊ जणांत एकाच्या अंगावर भार पडला नाही, म्हणूनच आरंभ झाला. एखाद्या जिल्ह्यातील आठ-दहा रसशाळांनी सामायिक निधी उभारून जवळच्या महाविद्यालयातील वर्षाला एकच विषय हाती घेतला, तरी मधल्या टप्प्याचे काम मार्गी लागेल.

अन्य मार्गही आहेत. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली स्थापलेल्या बायरॅक या संस्थेच्या ‘बिग’ योजनेत नवकल्पनेच्या प्राथमिक सिद्धतेसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साह्य देण्यात आले आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरात २००७ पासून व्हेंचर सेंटर हे उद्योगसंवर्धन केंद्र कार्यरत आहे. ज्या मोठ्या औषध कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वापोटी खर्च करावा लागतो, त्यांना सरकारी साह्यप्राप्त संशोधन प्रकल्पांस व विद्यापीठांस तो देण्याची मुभा आहे. मात्र अशा साह्यासाठी अर्ज करताना प्राथमिक माहिती हाती लागते; ती जमविण्यास सामायिक निधीच उपयोगी पडेल.

करारात काय असावे?

महाविद्यालय व रसशाळा यांत बहुधा ओळखीवर, तोंडी व्यवहार होतो. वरील उदाहरणांवरून पुढील मुद्दे लेखी असावेत, असे सुचवावेसे वाटते.

१) कामाचे टप्पे व प्रत्येक टप्प्याचा हप्ता. पहिला टप्पा निष्फळ ठरल्यास दुसऱ्याचा पैसा देणे बंधनकारक नसावे.

२) विद्यार्थी, मार्गदर्शक, महाविद्यालय व निधी देणारे यांचे वाटे. विद्यार्थ्याचे नाव व वाटा पदवीनंतरही कायम राहावा.

३) निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते प्रसिद्ध करण्याचा महाविद्यालयाचा अधिकार. ज्याचा पैसा त्याचा निष्कर्ष, असे होऊ नये.

४) गुणवत्तेचे मानक व त्याची त्रयस्थ प्रयोगशाळेकडून तपासणी.

५) कच्च्या द्रव्याचा उगम, लागवड व परवानग्या. जैवविविधता कायदा २००२ सालचा असून २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली आहे; सुधारित तरतुदी पाहूनच करार करावा.

६) मिळणाऱ्या उत्पन्नातील ठरावीक भाग पुढील वर्षाच्या संशोधनास राखणे.

समारोप

चिकित्सेचे चार पाद आपण पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकतो. भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी यांपैकी एक उणा पडला तर चिकित्सा सिद्धीस जात नाही. संशोधनाचेही तसेच आहे. संशोधक, संस्था, उत्पादक व भांडवल हे चारही हवेत. पहिले तीन आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. चौथा पाद मोठ्या अनुदानाच्या रूपाने कधी तरी येईल म्हणून वाट पाहण्यापेक्षा, येत्या वर्षी आपल्या जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकदा जावे, भैषज्यकल्पना व द्रव्यगुण विभागांचे गेल्या पाच वर्षांतील प्रबंध चाळावेत आणि आपल्या रुग्णांस उपयोगी पडेल असा एक तरी विषय निवडून सहव्यावसायिकांपुढे मांडावा. निधीची रक्कम त्यानंतर ठरविता येईल.