चित्र उलटं करून का बघतात?

प्रश्न: माझी मुलगी टॅबलेटवर चित्रं काढते. तिच्या मित्रमैत्रिणींचा एक गट आहे. रात्री जेवणं झाली की सगळे आपापली स्केचेस एकमेकांना दाखवतात आणि चुका काढतात. परवा तिने एका आजीबाईंचं चित्र केलं. मला ते फार आवडलं, पण गटातून पहिलं उत्तर आलं ते एवढंच : 'फ्लिप करून बघ.' तिने चित्र आरशात दिसावं तसं उलटवलं, 'अरे देवा' म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. चित्र तेच, रेषा त्याच. मग उलटवल्यावर तिला असं काय दिसलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: बहुधा आजीबाईंचा चेहरा एका बाजूला घसरलेला दिसला असेल. चेहरा जरासा वळलेला, म्हणजे थ्री-क्वार्टर काढला, की ही चूक हमखास होते. डोळ्यांची रेघ आणि ओठांची रेघ एकमेकींना समांतर हवी. पण पलीकडचा डोळा नकळत वर चढतो, जबडा खाली ओघळतो. हात कोपरातून आणि मनगटातून वळतो, त्यामुळे प्रत्येकाच्या रेघेला एका बाजूला झुकायची सवय असते. लिओनार्दो दा विंची डावखुरा होता. त्याच्या छायेच्या तिरप्या रेघा उजव्या हाताने काढणाऱ्यांच्या उलट दिशेने जातात आणि त्याची रेखाटनं ओळखताना अभ्यासकांना त्याची मदत होते.

झुकाव हातात असतो तसा नजरेतही मुरतो. दोन-तीन तास तेच चित्र समोर असलं की डोळा त्याला सरावतो आणि वाकडं तेच सरळ वाटू लागतं. समजा, चेहरा दोन अंशांनी उजवीकडे कलला आहे. उलटवल्यावर तो दोन अंशांनी डावीकडे जातो, म्हणजे सरावलेल्या नजरेला एकदम चार अंशांचा फरक बसतो. चूक होती तेवढीच राहते, पण आता ती लपत नाही.

आपला फोटो आपल्याला विचित्र वाटतो, तोही याच सरावामुळे. अमेरिकेत १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना त्यांचाच फोटो सुलट आणि उलटा असा दोन्ही प्रकारे दाखवला होता. बहुतेकांना स्वतःची आरशातली प्रतिमा अधिक आवडली, त्यांच्या मित्रांना मात्र सुलट फोटो. ज्याला जे रोज दिसतं, ते त्याला बरोबर वाटतं.

ही युक्ती टॅबलेटच्या फार आधीची आहे. इटलीतल्या आल्बेर्तीने १४३५ साली चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, त्यात चित्राची पारख करायला आरसा वापरण्याचा सल्ला आहे. लिओनार्दोच्या टिपणांत तर स्पष्टच आहे : काम करताना जवळ सपाट आरसा ठेवावा, त्यात चित्र बघावं, म्हणजे ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं आणि दोष लवकर सापडतात. मधूनमधून काम थांबवावं, लांब जाऊन बघावं, हेही त्याने सांगितलं आहे. आता आरशाऐवजी एक बटण आहे. क्रिता या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'एम' दाबलं की पडद्यावरचं चित्र उलटतं, पुन्हा दाबलं की सुलट.

आपल्याकडे उलटं चित्र हा धंद्याचाच भाग होता. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापात दगडावर आकृती उलटी उतरवावी लागते, तेव्हा ती कागदावर सुलट उमटते. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वती आधी दगडावर उजव्या-डाव्या बदलून काढलेल्या होत्या. त्या कारागिरांच्या नजरेला केवढी शिस्त लागली असेल! त्यांच्याविषयी फार कमी लिहिलं गेलं याची मला खंत वाटते.

मुलीला एक मात्र सांगा : तपासून झालं की चित्र न विसरता सुलट करायचं. नाहीतर आजीबाईंचा पदर उजव्या खांद्यावर जातो, आणि गणपती असेल तर डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा होतो. आपल्या घरांत हा फरक लहान नाही.

उलटवून सगळंच कळतं असंही नाही. रंगांच्या गडद-फिकेपणाची, ही मुलं ज्याला 'व्हॅल्यू' म्हणतात त्याची, चूक उलट्या चित्रातही तशीच लपून राहते. लाल भिंतीपुढे हिरव्या लुगड्यातली बाई बसवली तर रंग कितीही वेगळे असोत, दोन्ही सारखेच गडद असतील तर लांबून ती भिंतीतच विरघळते. त्यासाठी चित्रातला रंग काढून ते कृष्णधवल करून बघतात. इझलवर काम करणारे चित्रकार चार पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करतात, ते यासाठीच. टॅबलेट मांडीवर असतो, मागे जायला जागा नसते. उलट, चित्र चिमटीने मोठं करून एकेक पापणी रंगवत बसायचा मोह होतो. म्हणून मी तर म्हणेन, दर थोड्या वेळाने चित्र काडेपेटीएवढं लहान करून बघावं. त्या आकारात आजीबाई ओळखू आल्या नाहीत, तर पापण्यांनी काही साधणार नाही.

आणि तुम्हाला चूक का दिसली नाही? तुम्ही आजीबाईंकडे बघत होतात. मित्रांनी जबड्याची रेघ पाहिली. चित्राला दोन्ही प्रकारचे बघणारे लागतात.

प्रश्न: याच गटातल्या एका मुलाने तिच्या चित्रावर सरळ लाल रंगाने रेघोट्या ओढून परत पाठवलं. याला 'पेंटओव्हर' म्हणतात असं ती सांगते. दुसऱ्याच्या चित्रावर असा हात चालवणं बरं दिसतं का?

उत्तर: न विचारता केलं असेल तर नाही. विचारून केलं असेल तर याहून उपयोगी टीका क्वचितच मिळते. बर्लिनच्या संग्रहात रेम्ब्रांच्या व्हान रेनेस या शिष्याचं एक रेखाटन आहे : देवदूत मेरीला वार्ता सांगतो आहे. त्यावर रेम्ब्रांने बोरूच्या जाड, ठसठशीत रेघांनी दुरुस्त्या केल्या आहेत आणि देवदूत चांगला मोठा केला आहे. शिष्याची नाजूक रेघ खाली, गुरूची वर, दोन्ही आजही एकाच कागदावर दिसतात.

त्या कागदावर गुरूची रेघ पुसता येण्यासारखी नव्हती. तुमच्या मुलीच्या मित्राने मात्र वेगळ्या लेयरवर काम केलं असणार. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ साली आली आणि आता चित्रकलेच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये ती असते. मूळ चित्राला धक्का लागत नाही. पारदर्शक कागद वर ठेवून गिरवल्यासारखंच ते.

ती दुरुस्ती कोणत्या टप्प्यावर मागायची, याला फार महत्त्व आहे. पूर्ण रंगवलेल्या चित्रात जबडा हलवायचा म्हणजे सावली, केस, कानातल्या कुड्या सगळंच हलवावं लागतं. मग कुणी काही सांगितलं की राग येतो. कच्चं रेखाटन असतानाच दाखवावं आणि नेमकं विचारावं : मान खांद्यांत नीट बसली आहे का? 'कसं वाटलं?' विचारलं की 'मस्त' एवढंच उत्तर येतं. टीका करणाऱ्यानेही जागा दाखवून बोलावं. 'चेहरा जमला नाही' यातून काय करायचं ते कळत नाही. 'दिवा वर आहे, मग हनुवटीखालची सावली गालाच्या सावलीपेक्षा फिकी कशी?' यातून कळतं.

लाल रेघांची लेयर बघून झाली की ती बंद करायला सांगा, आणि दुरुस्ती तिने स्वतःच्या लेयरवर, स्वतःच्या हाताने करावी. मित्राच्या रेघांवरच पुढे रंगवत गेली तर हे चित्र सुधारेल, पण पुढच्या चेहऱ्यात डोळा पुन्हा तिथेच वर चढेल.