सगळ्यांच्या मांजराला एक माणूस हवा

आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षं वावरणारा बोका गेल्या उन्हाळ्यात खंगत गेला. पाठीचा कणा हाताला लागायचा, केसांच्या जटा झाल्या होत्या आणि दिवसभर तो कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी पीत बसायचा. ‘वय झालंय, त्यात हे ऊन,’ असं सगळे म्हणत. कोणी दूध ठेवी, कोणी बिस्किटं. तळमजल्यावरच्या आजी एकदा मायेपोटी तापाची गोळी दुधात कालवत होत्या. नेमकी मी तिथे होते म्हणून ती वाटी त्याच्यापर्यंत पोचली नाही.

आजींना ठाऊक नव्हतं, आणि बहुतेकांना नसतं, की मांजराचं यकृत पॅरासिटामॉलचा नीट निचरा करू शकत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, धाप लागते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने किडन्या निकामी होतात. कुत्र्यांच्या गोचिडांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला लावलं तर झटके येतात. तेव्हा माणसाचं किंवा कुत्र्याचं औषध मांजराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही देऊ नका. फिनेलने पुसलेली ओली फरशीही धोक्याची, कारण मांजर पंजे चाटतं.

बोक्याची रक्ततपासणी केली तेव्हा क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. म्हाताऱ्या मांजरांत किडनीचा जुना आजार वारंवार आढळतो, आणि क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडन्यांची बरीचशी ताकद संपलेली असते. तहान वाढणं, वजन घटणं ही लक्षणं मधुमेहातही दिसतात, म्हणून अंदाजाने उपचार करू नयेत. तोंडातून लाळ गळत असेल, घास तोंडातून पडत असेल, तर दात-हिरड्या तपासून घ्या. बऱ्याचदा मांजराला भूक असते, पण दुखण्यामुळे चावता येत नाही.

दवाखान्यात नेताना वरून उघडणारी टोपली घ्या आणि अंगावर जाड टॉवेल टाकून उचला. आजारी मांजर भीतीने चावतं. त्याचा दात बारीक असला तरी खोल जातो आणि जखम चिघळते. चावलं किंवा ओरबाडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. घरात दुसरी मांजरं असतील तर तपासण्या होईपर्यंत या आजारी पाहुण्याला वेगळ्या खोलीत ठेवा. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकापासून तिथे जनावरांवर उपचार होतात.

दूध बंद करा. मोठ्या मांजरांना ते सहसा पचत नाही, जुलाब होतात आणि आधीच कमी पडणारं पाणी अंगातून आणखी जातं. मीठ-मसाला, कांदा-लसूण न घातलेली उकडलेली मासळी किंवा चिकन कोमट करून द्या. वासाने भूक चाळवते. किडनीच्या रुग्णाचा आहार मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. एक दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट पाहू नका, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून नवंच दुखणं उभं राहतं. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा. गरज असेल तर घरीच कातडीखाली सलाईन द्यायला डॉक्टर शिकवतात. आम्हीही ते शिकलो.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. भटक्या मांजराला दहा घरं खायला घालतात, आणि ते काय जेवलं, शू किती केली, औषध पोटात गेलं की नाही, हे एकालाही सांगता येत नाही. खर्च वाटून घ्या, पण जबाबदारी एकाच माणसावर सोपवा. त्याने वहीत दर आठवड्याचं वजन, रोजचं खाणं आणि औषधं लिहावीत. आमची वही पाहून डॉक्टरांनी मात्रा बदलल्या आणि बोक्याला पुढे बरेच चांगले दिवस मिळाले.

शेवटही त्या वहीनेच ठरवला. खाणं थांबलं, उठणं थांबलं, वाईट दिवसच उरले, तेव्हा डॉक्टरांनी त्याला वेदनेतून सोडवण्याचा सल्ला दिला आणि तो आम्हाला पटला. तुमच्या जिन्यात असं एखादं म्हातारं मांजर असेल, तर आजच शेजाऱ्यांना गोळा करा आणि त्याचा तो एक माणूस ठरवा.