पाझर तलावाचे पाणी विहिरीत किती येते?

पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगते. त्यातला किती विहिरीपर्यंत पोचला, हे मात्र बहुधा अंदाजावरच सोडले जाते. भूजल अंदाज समितीने १९९७ साली झिजलेल्या बेसाल्ट खडकात पावसाच्या ७ टक्के, तर सच्छिद्र व सांधेयुक्त बेसाल्टमध्ये १३ टक्के पाणी मुरते असे प्रमाण धरले. तालुक्याच्या हिशेबाला हे ठीक. आपल्या शिवाराचे उत्तर त्यातून मिळत नाही.

पाण्याचे सर्व रेणू सारख्या वजनाचे नसतात. काही रेणूंत जड हायड्रोजन (ड्युटेरियम) किंवा जड ऑक्सिजन (ऑक्सिजन-१८) असतो. ही समस्थानिके स्थिर आहेत, किरणोत्सारी नव्हेत. त्यामुळे माणसांना, जनावरांना वा पिकाला त्यांच्यापासून धोका नाही. पाण्याची वाफ होताना हलके रेणू लवकर उडून जातात व जड मागे राहतात. हीच पाण्याची खूण होय.

हलक्या व मध्यम जमिनीत नवे पाणी जुन्या पाण्याला थराथराने खाली ढकलते. समजा, मुळांखालचा ओळखीचा थर वर्षभरात १२० सें.मी.वरून २०० सें.मी. खोल गेला आणि तेथे घनफळाच्या १५ टक्के ओलावा आहे. ८० सें.मी.चे १५ टक्के म्हणजे १२ सें.मी. पाणी खाली गेले. हेक्टरी हे १२ लाख लिटर होते.

भारी काळ्या जमिनीत मात्र हा हिशेब फसवा ठरतो. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिले पाणी थेट खाली उतरते व थर मिसळतात. तेथे विहिरीचेच पाणी तपासणे बरे.

पाझर तलावाचे पाणी उन्हात आटत जाते, तसे ते जड होते. समजा, ऑक्सिजन-१८ चे मान पावसाच्या पाण्यात उणे २, तलावात अधिक ४ आणि विहिरीत अधिक १ आले. पावसापासून तलावापर्यंतचे अंतर ६, विहिरीपर्यंतचे ३. म्हणजे विहिरीतील निम्मे पाणी तलावाचे. विहिरीचे मान उणे २ च्या जवळपास राहिले, तर तलावातील आटलेले पाणी तेथवर आलेले नाही. गाळ काढण्यावर खर्च करण्यापूर्वी गावाने हे पाहून घेतलेले बरे. पावसाळ्यात मुरलेले तलावाचे पाणी आटलेले नसल्याने ते या तपासणीत वेगळे ओळखू येत नाही. म्हणून नमुने जानेवारीनंतर, दोन-तीन वेळा घ्यावेत.

नमुना घेण्यापूर्वी पंप काही वेळ चालू ठेवावा. छोटी बाटली काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, बूच घट्ट लावून तारीख व विहिरीतील पाण्याची खोली लिहावी. पावसाचे पाणी साठवताना भांड्यात पॅराफिन तेलाचा पातळ थर ठेवावा, म्हणजे वाफ होत नाही. मातीचे नमुने गिरमिटाने दर १० सें.मी.वर घेऊन लगेच हवाबंद करावेत. अशा तपासणीची यंत्रे रुडकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था व मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्याकडे आहेत. एकट्याने नमुने पाठविण्यापेक्षा पाणलोट समितीने विद्यापीठाच्या मृदा विभागामार्फत विचारणा करावी.