क्रेडिट कार्डातली रोकड: शहागंजहून परदेशी निघणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरातल्या शहागंजच्या घड्याळ टॉवरच्या आसपास राहणारी आमची मंडळी आता सर्रास परदेशी जातात. कोणी उमराहला, कोणी दुबईत नोकरी करणाऱ्या मुलाकडे, कोणी चार दिवस बँकॉकला. माझी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे निघण्याआधी सल्ल्याला आणि परतल्यावर कार्डाचं बिल समजून घ्यायला शेजारीपाजारी माझ्याकडे येतात. त्या बिलांत मला एकच ओळ वारंवार दिसत आली आहे: परदेशातल्या एटीएममधून क्रेडिट कार्डाने काढलेली रोकड. कष्टाचा पैसा असा झिरपून जाताना पाहवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

1. ही रोकड म्हणजे कर्ज, आणि व्याज त्याच दिवशी सुरू

दुकानात कार्ड वापरलं आणि बिल वेळेवर पूर्ण भरलं, तर व्याज लागत नाही. ही सवय अंगवळणी पडल्यामुळे लोकांना वाटतं, एटीएमलाही तोच नियम असेल. तसा तो नाही. रोकड काढली की बिनव्याजी मुदत मिळतच नाही. पैसे हातात पडले त्या दिवसापासून व्याज धरलं जातं, आणि ते बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं.

व्याज हा एकच भाग झाला. शेजाऱ्यांना मी कागदावर मांडून दाखवतो तो हिशेब असा. बँकॉकमध्ये 10,000 बाट काढले, आणि सोपं जावं म्हणून बाटचा भाव अडीच रुपये धरला, तर झाले 25,000 रुपये. तिथलं एटीएम परदेशी कार्डाकडून दर व्यवहाराला साधारण 220 बाट घेतं, म्हणजे 550 रुपये. आपली बँक रोकड काढण्याचं शुल्क अडीच टक्के लावते, ते 625. चलन बदलण्याचा अधिभार साडेतीन टक्के, ते 875. या दोन शुल्कांवर 18 टक्के जीएसटी, 270. महिनाभराने बिल भरलं तर व्याज 875, आणि त्या व्याजावरही जीएसटी, सुमारे 157. बेरीज 3,350 च्या घरात जाते. पंचवीस हजारांवर एका महिन्यात तेरा टक्क्यांहून अधिक! बँकेगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण कप्पे हेच असतात. आपल्या कार्डाचं शुल्कपत्रक निघण्याआधी एकदा वाचा आणि हीच बेरीज स्वतःच्या आकड्यांनी करून बघा.

2. निघण्याआधी घरी बसून करायच्या गोष्टी

रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानंतर नवीन कार्ड सुरुवातीला देशापुरतंच चालतं. परदेशातला वापर आपणच अ‍ॅपमधून चालू करायचा असतो, आणि एटीएमचं बटण वेगळं असतं. दुकानासाठी चालू केलं म्हणून एटीएमलाही चालेल असं समजू नका. क्रेडिट कार्डाचा पिन अनेकांनी कधी वापरलेलाच नसतो, तो तयार करून ठेवा. बिलावर रोकड काढण्याची मर्यादा वेगळी छापलेली असते आणि ती कार्डाच्या एकूण मर्यादेपेक्षा बरीच कमी असते, तीही पाहा.

3. यंत्राने रुपयांत हिशेब करू का विचारलं, तर नाही म्हणा

परदेशातलं एटीएम किंवा दुकानातलं यंत्र पडद्यावर विचारतं: रक्कम भारतीय रुपयांत हवी की इथल्या चलनात? आपले रुपये दिसले की मनाला बरं वाटतं आणि बोट तिकडे जातं. पण रुपयांचा तो भाव यंत्र चालवणाऱ्याने स्वतःचा नफा धरून लावलेला असतो, आणि त्यावर आपल्या बँकेची शुल्कं लागू शकतात ती वेगळीच. नेहमी तिथलं चलन निवडा: बाट, दिरहम, रियाल.

आपल्या शहराला दोन चलनांची ओळख नवी नाही. निजामाच्या हैदराबाद राज्यात हाली सिक्का चालायचा आणि मनमाडकडे इंग्रजी हद्दीत कलदार. विलीनीकरणानंतर 1950 मध्ये हैदराबादचे सात रुपये बरोबर भारताचे सहा, हे प्रमाण लागू झालं. 1959 मध्ये हाली रद्द होईपर्यंत बाजारातल्या माणसाला ते तोंडपाठ होतं. भाव उघडा असला की माणूस फसत नाही. एटीएमच्या पडद्यावर तो उघडा नसतो, म्हणून त्या दिवसाचा बाजारभाव आधी मोबाइलवर पाहून घ्यावा.

4. नोटा इथूनच न्या, आणि पावतीसह न्या

एका प्रवासासाठी साधारण 3,000 डॉलरपर्यंतच्या परकी नोटा नेता येतात. हज आणि उमराहच्या यात्रेकरूंना रिझर्व्ह बँकेने याहून बरीच मोठी सवलत दिली आहे. हे आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना माहीतच नसतं आणि मग मक्केत एटीएमची रांग धरावी लागते. सौदी रियालचा भाव 1986 पासून डॉलरला 3.75 असा बांधलेला आहे, त्यामुळे डॉलर नेले तरी तिथे भाव पडण्याची धास्ती नसते.

ओळखीच्या माणसाकडून घरपोच रियाल घेण्याचा मोह होतो. मी स्पष्ट सांगतो, घेऊ नका. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्याकडेच जा आणि पावती घ्या. रक्कम पन्नास हजारांच्या पुढे असेल तर रोखीने घेता येत नाही, बँकेतून द्यावी लागते. बाकीचे पैसे फॉरेक्स कार्डावर किंवा बचत खात्याच्या डेबिट कार्डावर ठेवा. शुल्क त्यांनाही आहे, पण पैसे आपलेच असल्यामुळे व्याजाचं मीटर चालू होत नाही.

5. काढावेच लागले, तर एकदाच काढा आणि त्याच दिवशी भरा

अडचण सांगून येत नाही. आमच्या गल्लीतल्या एका आपांची पर्स मदिनेत हरवली. नोटा, डेबिट कार्ड, सगळं त्यातच. त्यांच्यासोबतच्या भाईजानांच्या खिशात क्रेडिट कार्ड होतं, त्यांनी त्यावर रोकड काढली आणि लगेच इथे मुलाला फोन केला. मुलाने त्याच रात्री शहागंजमधून ती रक्कम, वर शुल्काचा अंदाज धरून, कार्डात भरली. व्याज जवळजवळ लागलंच नाही. त्या मुलाचं मला फार कौतुक वाटलं. कार्डाचं बिल दुसरी व्यक्तीही भरू शकते, त्याची पद्धत घरातल्या एकाला आधीच शिकवून ठेवा.

थोडे थोडे पैसे पुन्हा पुन्हा काढणं सर्वांत महाग. एटीएमचं शुल्क दर वेळी लागतं, आणि आपल्या बँकेचंही किमान शुल्क ठरलेलं असतं, बऱ्याचदा 500 रुपयांच्या आसपास. दोन हजार काढले तरी तेवढंच. आणि दवाखान्याचं किंवा हॉटेलचं बिल असेल तर रोकड न काढता कार्ड थेट तिथेच द्या. अधिभार लागेल, पण बिल वेळेवर पूर्ण भरलं तर व्याज नाही.

6. पैसे आले नाहीत आणि खात्यातून गेले

देशात असं झालं तर बँकेने पाच दिवसांत रक्कम परत करायची आणि उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची, असा 2019 चा नियम आहे. तो फक्त देशातल्या व्यवहारांना लागू आहे. परदेशात पुरावा आपणच जपायचा. चिठ्ठी ठेवा, यंत्राचा आणि त्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढा, त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा. शक्य तोवर बँकेच्या शाखेला लागून असलेलं एटीएम, शाखा उघडी असताना वापरा. यंत्रात कार्ड अडकलं तर शाखेत माणूस असतो. आपला भारतीय नंबर परदेशात चालू ठेवा, नाहीतर बँकेचे संदेश पोचणार नाहीत. बँकेचा फोन नंबर कागदावर लिहून नवरा-बायको दोघांच्या सामानात वेगवेगळा ठेवा.

7. उरलेल्या नोटा

परतल्यावर 2,000 डॉलरपर्यंतचं परकी चलन जवळ ठेवता येतं. त्याहून जास्त उरलं तर 180 दिवसांच्या आत बँकेत किंवा परवानाधारकाकडे द्यावं लागतं, आणि तेव्हा पहिली पावती कामी येते. नाणी सहसा कोणी बदलून देत नाही. ती तिकडच्या विमानतळावरच पाणी नाहीतर चहा घेऊन संपवा.