पेरू व तिखटमीठ : घरगुती आइस्क्रीमचा एक पाठ

मे महिन्याच्या सुटीत घरातील सर्व मुले जमली म्हणजे माळ्यावरील आइस्क्रीमचे लाकडी पिंप खाली काढावयाचे, हा महाराष्ट्रातील अनेक घरांचा परिपाठ होता. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणली जाई, मोगरीने फोडली जाई आणि मूठ फिरविण्यासाठी मुलांच्या पाळ्या लागत. पिंप हलू नये म्हणून त्यावर घडी केलेले पोते टाकून एखाद्या जड मुलास बसविले जाई. शेवटी फिरकीला चिकटलेले आइस्क्रीम कोणी चाटावयाचे यावरून तंटा होई. दुसरी आठवण शाळेच्या दाराशी बसणाऱ्या पेरूवाल्या बाईची. ती पेरूच्या चार फाका करी, पण देठाशी त्या जोडलेल्या ठेवी, आणि मध्ये तिखटमीठ भरून देई.

या दोन आठवणी एकत्र आणून पेरूचे आइस्क्रीम करावयाचे व त्यावर तिखटमीठ भुरभुरून ते खावयाचे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. तो केवळ हौसेचा नाही. थंडीच्या दिवसांत मृग बहराचा पेरू बाजारात एकदम येतो आणि लहान, वेडावाकडा किंवा सालीवर डाग पडलेला माल पाटीतच राहतो. अशा फळाचा गर उत्तम असतो. घरचे दूध व घरचे फळ यांतून एक चांगला पदार्थ उभा राहू शकतो. मात्र यात एक धोका आहे. दूध नासले अथवा डब्यात खारे पाणी शिरले, तर लिटरभर दूध, फळे, साखर आणि तासाभराची मेहनत एकाच वेळी वाया जाते. गावातील प्रात्यक्षिकात असे एकदा घडले, तर पुढच्या प्रात्यक्षिकास कोणी येत नाही. म्हणून कृतीबरोबर तिची कारणेही समजून घेणे अगत्याचे आहे.

या पाठाचे सार मिठाच्या तीन जागांत सांगता येईल. डब्याबाहेर मीठ भरपूर हवे, डब्यात चिमूटभर हवे आणि शेतात मुळीच नको.

मीठ व बर्फ यांचे कार्य

पिंप, त्यातील धातूचा डबा, डब्यातील फिरकी व वरची मूठ अशा रचनेच्या यंत्राचे एकस्व अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन या स्त्रीने १८४३ साली घेतले. आपल्याकडे वापरात असलेले पिंप त्याच तत्त्वावर चालते.

नुसता बर्फ शून्य अंश सेल्सिअसला वितळतो. परंतु दुधात साखर विरघळलेली असल्यामुळे ते शून्य अंशाला गोठत नाही, त्यास त्याहून अधिक थंडी लागते. म्हणून नुसत्या बर्फात डबा कितीही वेळ फिरविला तरी आइस्क्रीम होत नाही. बर्फावर मीठ घातले म्हणजे बर्फाचा वितळण्याचा बिंदू खाली जातो आणि बर्फ शून्याखालीही वितळू लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ती उष्णता सभोवारच्या पाण्यातून व डब्यातील दुधातून ओढून घेतली जाते. प्रयोगशाळेत मीठ व बर्फ यांचे मिश्रण शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरते. घरगुती पिंपात शून्याखाली दहा-बारा अंश मिळाले तरी काम भागते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली अशी की, मीठ कमी पडले तर थंडी कमी पडते. दुसरी अशी की, पिंपात साचणारे खारे पाणी सगळेच ओतून टाकू नये. बर्फाचे खडे डब्याला ठिकठिकाणीच टेकतात, खारे पाणी मात्र डब्याला सर्व बाजूंनी भिडते आणि थंडी आतपर्यंत पोहोचविते. ते पाणी झाकणापर्यंत चढू नये, एवढीच दक्षता घ्यावयाची. पिंपाच्या कडेला असलेले भोक याचसाठी आहे. ते मोकळे ठेवावे व त्याखाली बादली ठेवावी.

फळाची निवड

झाडावर पूर्ण पक्व झालेला, हातास किंचित मऊ लागणारा व सुवासिक पेरू घ्यावा. कच्च्या पेरूतील तुरटपणा दुधास मानवत नाही. महाराष्ट्रात सर्वपरिचित असलेला सरदार अथवा लखनौ-४९ हा पांढऱ्या गराचा वाण या कामी चांगला. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९२७ साली निवड पद्धतीने तो पुढे आणला. गुलाबी रंगाचे आइस्क्रीम हवे असल्यास ललित या वाणाचा गर वापरावा. सालीवरील डाग किंवा वेडावाकडा आकार यांनी काही बिघडत नाही. परंतु फळमाशीची अळी पडलेले अथवा आंबूस वास येणारे फळ बाजूस काढावे. असे फळ बागेतही टाकून ठेवू नये, खोल पुरून टाकावे.

साहित्य

दोन लिटर मापाच्या डब्यासाठी पुढील प्रमाण योग्य ठरते :

म्हशीचे ताजे दूध १ लिटर. दुधाची भुकटी ५० ग्रॅम. साखर १८० ग्रॅम. ताजी साय १०० ग्रॅम. पेरूचा गाळलेला गर ४०० ग्रॅम (याकरिता सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम फळे लागतात). मीठ एक चिमूट.

पिंपासाठी : बर्फ ८ किलो, जाडे मीठ २ किलो, डबा मुरत ठेवताना आणखी ३ किलो बर्फ व १ किलो मीठ.

वर भुरभुरण्यासाठी : ब्याडगी मिरच्या कोरड्या भाजून केलेले तिखट १ चमचा, बारीक मीठ २ चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा.

पूर्वतयारी

दूध चांगले उकळून, सतत ढवळत, पाऊण लिटर होईपर्यंत आटवावे. दुधाची भुकटी थोड्या गार दुधात कालवून गुठळी न राहील अशा रीतीने त्यात मिसळावी. साखरेपैकी १२० ग्रॅम साखर व चिमूटभर मीठ घालून पुन्हा एक उकळी आणावी. दूध निवल्यावर घोटलेली साय मिसळावी. हे मिश्रण झाकून शीतपेटीत किमान चार तास ठेवावे. शीतपेटी नसल्यास बर्फाच्या पाण्यात ठेवून चांगले गार करावे. कोमट मिश्रण डब्यात घातले, तर निम्मा बर्फ ते गार करण्यातच खर्ची पडतो.

पेरू धुऊन, फोडी करून पुरणयंत्रातून काढावेत. बिया वर राहतात व गर खाली उतरतो. गरात उरलेली ६० ग्रॅम साखर घालून मंद आचेवर वाफा येईपर्यंत गरम करावा, लगेच उतरवून गार करावा. यामुळे गर काळा पडत नाही व टिकाऊ होतो. फार वेळ शिजविल्यास मात्र पेरूचा वास निघून जातो. असा गर बंद डब्यात भरून शीतपेटीच्या बर्फकप्प्यात ठेवल्यास थंडीतला पेरू उन्हाळ्यात उपयोगी पडतो.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. गर गरम दुधात कधीही घालू नये. पेरूचा गर आंबट आहे, आणि आंबटपणामुळे दुधातील केसीन हे प्रथिन गोळा होऊन दूध फाटते. दूध जितके गरम, तितके ते लवकर फाटते. दूध डब्यात अर्धवट गोठू लागल्यावर थंड गर घातला, तर केसीनास गोळा होण्यास सवड मिळत नाही. पेरूत पेक्टिनही असते. त्याने मिश्रणास दाटपणा येतो आणि बर्फाचे कण मोठे होत नाहीत. म्हणून निराळे पीठ घालण्याची गरज पडत नाही.

प्रत्यक्ष कृती

१. डबा, फिरकी व झाकण उकळत्या पाण्याने धुऊन गार करावे. गार दूध डब्यात ओतावे. गर घातल्यानंतरही डबा पाऊण भागाहून अधिक भरता कामा नये. घुसळताना मिश्रणात हवा शिरते आणि ते फुगते.

२. बर्फ गोणपाटात घालून सुपारीएवढे खडे होतील असा फोडावा. पिंपात डब्याभोवती चार बोटे बर्फ व त्यावर मूठभर जाडे मीठ, असे थर द्यावेत. एकंदर प्रमाण वजनाने चार भाग बर्फास एक भाग मीठ असे ठेवावे. बर्फ झाकणाच्या दोन बोटे खालीच राहू द्यावा.

३. प्रथम मूठ सावकाश, परंतु न थांबता फिरवावी. फिरकी डब्याच्या कडेला गोठलेला पातळ थर खरवडून आत ढकलते. हात थांबला की तेथे बर्फाची पापडी धरते, आणि पुढे आइस्क्रीम दाताखाली कचकचते.

४. सुमारे दहा मिनिटांनी मिश्रण बासुंदीसारखे दाट होते व हातास जड लागते. आता झाकणाभोवतीचा बर्फ दूर करून झाकण कोरड्या फडक्याने पुसावे, मगच उघडावे. या एका पुसण्यात हयगय झाली की खारे पाणी आत जाते. थंड गर घालून झाकण लावावे आणि मूठ पूर्वीपेक्षा जलद फिरवावी.

५. आणखी दहा ते वीस मिनिटांत मूठ फिरेनाशी होते. फिरकी काढून घ्यावी. झाकणाचे भोक बुचाने घट्ट बंद करावे. खारे पाणी काढून, तीन भाग बर्फास एक भाग मीठ या प्रमाणात पिंप पुन्हा भरावे. ओल्या गोणपाटाने झाकून दीड ते दोन तास मुरू द्यावे.

पिंप उपलब्ध नसल्यास झाकणाचा पोलादी डबा बादलीत बर्फ-मिठात ठेवून हाताने उलटसुलट फिरवावा. दर पाच मिनिटांनी झाकण पुसून उघडावे व लाकडी उलथन्याने कडा खरवडाव्यात. वेळ अधिक लागतो, परंतु पदार्थ चांगला होतो.

तिखटमीठ वरच का घालावयाचे

तिखट मिश्रणातच घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते. दुधातील केसीनही ते धरून ठेवते. म्हणून आत घातलेले तिखट मंदावते, मिश्रणाचा रंग मात्र मळकट होतो. वर भुरभुरलेले तिखट जिभेस थेट लागते. थंडाव्यामुळे त्याची झणझण क्षणभर दबून राहते. प्रथम गारवा, मग पेरूचा गोडवा, आणि घास वितळल्यावर तिखट, असा क्रम लागतो. या जोडीची खुमारी त्या क्रमात आहे. आतील चिमूटभर मिठाने गोडी उठून दिसते. अधिक मीठ घातल्यास चव बिघडतेच, शिवाय मिश्रणाचा गोठणबिंदू उतरून आइस्क्रीम घट्ट होत नाही. जे मीठ बाहेर मदत करते, तेच आत अडथळा आणते.

आरोग्याची दक्षता

दूध न उकळता वापरू नये. गोठविल्याने रोगजंतू मरत नाहीत, ते केवळ निपचित राहतात. एकदा वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठवून वाढू नये. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा, असा दंडक महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. पिंपातील बर्फ पदार्थास लागत नाही हे खरे, परंतु मुले त्यातील खडे उचलून तोंडात घालतात. म्हणून पिंपासाठीही पिण्याच्या पाण्याचाच बर्फ आणावा. मीठ मिसळलेला बर्फ उघड्या हातांनी फार वेळ हाताळू नये, त्याने कातडीस इजा होते.

बचत गटास हा पदार्थ विकावयाचा असल्यास अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करून घ्यावी. नुसत्या ‘आइस्क्रीम’ या नावाने विकण्यासाठी त्यात किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो. वर दिलेल्या प्रमाणात तो याहून कमी भरतो. घरी खाण्यास हे प्रमाण पुरेसे आहे, विक्रीसाठी सायीचे प्रमाण वाढवून नमुना तपासून घ्यावा.

उरलेल्या खाऱ्या पाण्याची विल्हेवाट

काम आटोपल्यावर पिंपातील पाणी सवयीने अंगणातील झाडाच्या बुंध्याशी ओतले जाते. हे सर्वथा टाळावे. त्या पाण्यात दोन-तीन किलो मीठ असते. मिठातील सोडियम काळ्या जमिनीतील चुन्याची जागा घेते, मातीचे कण सुटे होऊन जमीन चोपण होते व पाणी मुरेनासे होते. मुळांनाही खाऱ्या पाण्यातून ओलावा घेता येत नाही. उकिरड्यावर अथवा कंपोस्टच्या खड्ड्यातही हे पाणी टाकू नये. जाड प्लॅस्टिकच्या कागदाचा उथळ वाफा करून त्यात ते पसरावे व उन्हात आटू द्यावे. कोकणातील मिठागरांत हेच घडते. राहिलेले मीठ पोत्यात भरून पुढच्या वेळी पिंपासाठीच वापरावे, स्वयंपाकात घेऊ नये.

उजळणीचे प्रश्न

प्रात्यक्षिकानंतर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उपस्थितांस पुढील प्रश्न विचारावेत :

१. नुसत्या बर्फात आइस्क्रीम का होत नाही?
२. पेरूचा गर गरम दुधात घातल्यास काय होते?
३. पिंपातील खारे पाणी सगळेच का काढावयाचे नाही?
४. झाकण उघडण्यापूर्वी कोणते काम विसरता कामा नये?
५. उरलेले खारे पाणी झाडास घातल्यास जमिनीचे काय होते?

ही उत्तरे ज्या घरात ठाऊक आहेत, त्या घरात दूध फुकट जाणार नाही व अंगणातील झाडही वाळणार नाही. माळ्यावर धूळ खात पडलेले पिंप तेथे निर्धास्तपणे खाली काढावे. मूठ फिरविण्यास मुले असतातच.