गेम घेण्याआधी दुकान बघ

गेम कुठला घ्यायचा ते तू ठरव, त्यात मामा लुडबुड करणार नाही. पण कुठून घ्यायचा हे विचारलंस, ते बरं केलंस. किंमत सगळ्यात शेवटी बघायची. सेल आज नाही तर दोन महिन्यांनी लागतोच. दुकान मात्र एकदा धरलं की सुटत नाही, कारण एपिकवर घेतलेल्या गेमला स्टीमवरची डीएलसी, म्हणजे त्या गेमची वेगळी मिळणारी भर, चालत नाही. एपिक दर गुरुवारी फुकट गेम देतं, ते खुशाल घे. फक्त त्याच गेमची डीएलसी विकत घ्यायची वेळ आली की जरा थांब. फुकटातलं तिथेच महाग पडतं.

स्टीमवर गेम परत करता येतो, पण खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तरच. तेव्हा सुरुवातीला गोष्टीत रमू नकोस. आधी ग्राफिक्सची सेटिंग खालीवर करून बघ, मारामारीच्या गर्दीत तुझा लॅपटॉप धापा टाकतोय का ते बघ. आणि मेनू उघडा ठेवून जेवायला गेलास तरी त्यांचं घड्याळ चालूच असतं, बरं का. पोलंडचं गॉग याबाबतीत दिलदार आहे. खेळून झालेला गेमही ३० दिवसांत परत घेतं.

आता अपडेटचं. अपडेट म्हणजे सुधारणा, असं समजून सगळे डोळे झाकून 'हो' म्हणतात. २०१५ चा 'फॉलआऊट ४' घे. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने त्याचं मोठं अपडेट सोडलं आणि लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेले मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले फेरबदल, एका रात्रीत बंद पडले. 'फॉलआऊट: लंडन' नावाचा प्रचंड मॉड तेव्हा तयार होत आला होता. त्याला जुनीच आवृत्ती हवी, म्हणून तो जुलैपर्यंत लांबला. आला तेव्हा गॉगवाल्यांचं सोपं होतं, स्टीमवाल्यांना आधी गेम जुन्या आवृत्तीवर न्यावा लागला, आणि एपिकवाले बसले हात चोळत. गेम तोच, पण दुकानं तीन. मॉड लावून खेळायचा बेत असेल, तर पैसे भरायच्या आधी मॉड करणारे कुठली आवृत्ती मागतात ते वाच.

अपडेट आपोआप होऊ नये म्हणून स्टीमवर गेमच्या नावावर उजवं क्लिक कर, प्रॉपर्टीजमध्ये जा आणि 'खेळायला उघडीन तेव्हाच अपडेट कर' या अर्थाचा पर्याय निवड. तिथेच बीटाच्या खान्यात कधीकधी जुनी आवृत्तीही ठेवलेली असते, पण ते बनवणाऱ्याच्या मर्जीवर. गॉगच्या गॅलॅक्सी ॲपमध्ये अपडेट पूर्ण बंद ठेवता येतं, वर इंस्टॉलरही उतरवून घेता येतो. मोठ्या गेमच्या चार-चार जीबीच्या फाइली असतात, त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेव. एक जरी हरवली तरी गेम बसत नाही.

'विकत घ्या' असं लिहिलेलं असलं तरी तुला मिळतं ते लायसन्स. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरतानाच हे सांगतं. युबिसॉफ्टचा 'द क्रू' सर्व्हरवर चालायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांचाही गेम गेला. तेव्हा एकट्याने खेळायचा गेमसुद्धा सतत इंटरनेट मागत असेल, तर पूर्ण किमतीला घेऊ नकोस.

एकदा खेळून संपणारा छोटा गेम असेल, पुण्यात बनलेला 'राजी' म्हण, तर एवढा काथ्याकूट नको. जिथे स्वस्त तिथे घे. फक्त कुठल्या तरी अनोळखी साइटवरच्या स्वस्त 'की'च्या नादी लागू नकोस.

आणि स्टीमच्या फॅमिलीत सहा जण बसतात म्हणून सगळ्या भावंडांना घेशील. घे, पण धाकट्याला बजावून ठेव. तुझा गेम खेळताना त्याने चीट वापरला आणि पकडला गेला, तर त्या गेममधून त्याच्यासोबत तुलाही बंदी होते.